जुनं पुढे, नवं मागे

जिन्याखाली 'टक्' असा आवाज झाला.

वीज जाऊन तास झाला होता. फ्रिजची घरघर नाही, पंखा नाही, गल्लीतल्या मोठ्या जनरेटरची धडधडही नाही; फक्त शेजारच्या छोट्या जनरेटरची बारीक फट-फट. आदम नुकताच माझ्या मांडीवर झोपला होता आणि मी श्वाससुद्धा जपून घेत होते. आवाजानं त्याची पापणी थरथरली, ओठ दोनदा दूध ओढल्यासारखे हलले, आणि तो पुन्हा शांत झाला.

"आई, पिवळा गॅलन बोलला," नाया माझ्या कानाशी कुजबुजली.

आमच्या गावात मुठीचा कुठलाही प्लास्टिकचा कॅन म्हणजे गॅलन. पाण्याचा असो, तेलाचा असो, पेट्रोलचा असो. ऑगस्टमध्ये दहाच्या सुमाराला ऊन जिन्याच्या भिंतीला लागतं, आतलं पेट्रोल फुगतं, गॅलनचं पोट पुढे येतं आणि तो असा टक् करतो. संध्याकाळी भिंत निवली की पोट आत जातं, पुन्हा टक्. नायाला वाटतं तो सकाळी उठतो आणि संध्याकाळी झोपतो.

जिन्याखाली तीन गॅलन होते. दोन पांढरे, एप्रिलमध्ये माझ्या नवऱ्याच्या, गस्सानच्या, चुलतभावानं सैदाहून भरून आणलेले. आणि एक पिवळा. तो गेल्या वर्षीच्या पेट्रोलच्या रांगांमधला. गस्सान तेव्हा इथेच होता. पहाटेपासून दुपारपर्यंत पंपासमोर उभा राहून त्यानं तो भरून आणला होता, मान लाल भाजून. मग तो कामासाठी परदेशी, आबिजानला गेला. जाण्याआधी त्यानं गॅलनवर चिकटपट्टी लावून तारीख लिहिली आणि मला समोर बसवून सांगितलं, "पेट्रोलही नासतं, हनादी. दुधासारखं लगेच नाही, पण नासतं. सहा महिन्यांच्या आत हे गाडीत ओत, आणि याच्या जागी ताजं आणून ठेव. जुनं पुढे, नवं मागे."

मी हसले होते. "मला शिकवतोस होय? ही तर मूनेची रीत."

मूने म्हणजे वर्षाची बेगमी. उकडून भरडलेल्या गव्हाचा बुरगूल, दह्यात मुरवून वाळवलेला किश्क, तेलात मुरवलेली वांगी, सुके अंजीर. लग्न होऊन आले तेव्हा मला त्यातलं काही येत नव्हतं, आणि सासूबाई आधीच गेलेल्या. मला हाताला धरून शिकवलं ते शेजारच्या उम्म नादिर खालानं. पहिल्याच शरदात तिनं माझी फळी पाहिली आणि कपाळाला हात लावला. "पोरी, हे काय? नव्या बरण्या पुढे मांडून ठेवल्यास, दुकान थाटायचंय का? जुनं पुढे, नवं मागे. नवं आधी खाणारीला जुनं फेकावं लागतं, आणि फेकताना देव बघत असतो."

आजही माझ्या फळीवर गेल्या वर्षीची वांगी पुढे आहेत. त्यात चूक नाही व्हायची. पण पेट्रोलच्या बाबतीत मी नेमकं उलटं केलं. पिवळा गॅलन कोपऱ्यात, बुरगुलाच्या पोत्यामागे होता, आणि एप्रिलमध्ये आदम चार महिन्यांचा, सारखा छातीशी बांधलेला, मला वाकवत नव्हतं. पांढरे हाताशी होते. गाडीत घालायचं झालं की पांढऱ्यातलं घालायचे. पुढच्या वेळी पिवळा, म्हणायचे. पुढच्या वेळीही पांढराच. चुलतभाऊ आला की तो पांढरे पुन्हा काठोकाठ भरून द्यायचा.

जूनमध्ये एकदा पिवळ्याचं झाकण उघडलं. पेट्रोलचा तो नाकात चढणारा वास नव्हताच. जुन्या रंगाच्या डब्याला येतो तसा, आंबूस, जड वास. उजेडात धरला तर आतलं चहासारखं दिसलं आणि तळाशी काहीतरी हललं. मी झाकण लावलं, नायाला म्हटलं, "याला हात लावायचा नाही हं. हा खराब झालाय." फेकून मात्र दिला नाही. गस्सानच्या भाजलेल्या मानेची आठवण यायची.

म्हणजे मला माहीत होतं. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे मला पळवाट काढता येणार नाही.

त्या सकाळी गॅलन बोलला आणि पाठोपाठ अंगणाचं फाटक वाजलं. उम्म नादिर खाला आत आली. डोक्यावरची पांढरी ओढणी वाकडी, पायात नवऱ्याच्या, अबू नादिरच्या, चपला. ती अशी कधी येत नाही. ती येते ती कॉफीच्या वेळेला, हातात काहीतरी झाकून घेऊन.

"निजलाय का गं?" तिनं आदमकडे बघत हळूच विचारलं. "निजू दे, निजू दे. मी बसत नाही."

"काय झालं, खाला?"

ती ओढणी नीट करत राहिली. "तुला माहीतच आहे, गल्लीचा जनरेटर आठवडाभर दुपारपर्यंत बंद. आमचा लहान आहे तो चालतोय, पण त्याला पाजायला काही उरलं नाही. पंप तीन दिवस बंद. पंपवाला म्हणे टँकर आला नाही. टँकर येतो, गं, पण त्याला रस्त्यात भाव वाढल्याचं कळतं आणि तो कुठेतरी झाडाखाली झोपतो." ती हसली, पण लगेच थांबली. "अबू नादिरचं यंत्र आहे ना. श्वासाचं. टाकीत आता वाटीभर पेट्रोल असेल. ऑक्सिजनचं नळकांडं आहे, पण ते दीड-दोन तासांचं. वीज दोनला येते म्हणतात. तुझ्याकडे... थोडंसं असेल तर."

सहा वर्षांत तिनं माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. मीठसुद्धा नाही. मागताना तिची मान वर होत नव्हती.

मी काय विचार केला ते सांगते. मला जुलैची ती पहाट आठवली. तापात आदमला झटके आले, त्याचे डोळे फिरले, आणि मी त्याला छातीशी बांधून नबतियेच्या दवाखान्यापर्यंत गाडी नेली, सगळा वेळ पेट्रोलच्या काट्याकडे बघत. त्या दिवसापासून ते दोन पांढरे गॅलन मला पेट्रोल वाटतच नव्हते. ते मला आदमच्या श्वासाची बेगमी वाटायचे. आणि शेजारीण दुसऱ्या कुणाच्या तरी श्वासासाठी मागत होती. दोन्ही श्वासच. पण एक माझा होता.

"आहे, खाला," मी म्हटलं. "एकच गॅलन राहिलाय. घेऊन जा."

"एकच? मग तुला?"

"मला काय करायचंय? गाडीत आहे पुरेसं."

"नको गं, तुझं शेवटचं..."

"शेवटचं कुठे, नशिबात असेल तर पुन्हा येईल." हे मी हसत म्हटलं. खोटं किती सहज आणि किती गोड बोलता येतं, तेव्हा कळलं.

आदमला गादीवर ठेवून मी जिन्याखाली गेले. पांढरे दोन्ही पुढेच होते. मी त्यांच्यावर जुनी चादर टाकली, पोतं सरकवलं आणि पिवळा बाहेर ओढला. चिकटपट्टी ओरबाडून काढली. मनाशी म्हणत होते, इंजिन ते इंजिन, त्याला काय कळतंय. टाकीत थोडं ताजं आहे, त्यात मिसळेल. दोनपर्यंत तर जायचंय.

नाया दारात उभी होती. गॅलन बघून तिनं तोंड उघडलं. मी तिच्याकडे असं पाहिलं की तिनं ते मिटलं. पाच वर्षांच्या मुलीकडे तसं कुणी बघू नये.

"अल्लाह तुझी मुलं सुखरूप ठेवो," खाला म्हणाली. मुठीला दोन्ही हातांनी धरून ती गॅलन घेऊन गेली. फाटकाशी एकदा थांबली, खाली ठेवला, पकड बदलली, पुन्हा उचलला.

आमच्या दोन घरांमध्ये एक कमरेएवढी भिंत आहे. तिच्यापलीकडे थांबलेला जनरेटर पुन्हा सुरू झालेला ऐकू आला. एकाच ओढीत. मी कणीक मळायला बसले. फट-फट-फट-फट, एकसारखा. बघ, चाललं, मी स्वतःला म्हटलं. उगाच घाबरलीस. नाया माझ्याकडे पाठ फिरवून होती. जमिनीवर बसून कणकेची गोळी चेपत होती.

दहा मिनिटं गेली असतील. मग तो अडखळला. म्हाताऱ्या माणसाला ठसका लागावा तसा. सावरला, पुन्हा अडखळला, आणि थांबला. मग दोरीचा आवाज. खर्रर्र. खर्रर्र. खर्रर्र. मी मोजत होते. अकरा वेळा ओढली. बारावी आली नाही.

मी आदमला उचलला, नायाचा हात धरला आणि भिंतीला वळसा घालून पळाले.

अबू नादिर खिडकीखाली खुर्चीत होता. यंत्राचा दिवा विझलेला, नळी आता लोखंडी नळकांड्याला जोडलेली. ओठ पिकल्या जांभळासारखे झाले होते. मला बघून त्यानं हात उचलला.

"ये, हनादी," तो म्हणाला, दर दोन शब्दांना थांबत. "माझ्या आधी... जनरेटरचाच... दम गेला. म्हटलं... बरंय. सोबत झाली."

"गप्प बसा हो!" उम्म नादिर ओरडली. "बोलून संपवा सगळी हवा. आयुष्यभर बोललात ते पुरलं नाही." ती नळकांड्याच्या काट्यापुढे गुडघे टेकून बसली होती. "उस्ता मन्सूरला बोलावलंय. येतोय."

काटा लाल पट्टीच्या थोडा वर होता. घड्याळात सव्वाअकरा. नळकांडं एकपर्यंत जाईल. वीज दोनला, आली तर.

उस्ता मन्सूर दुचाकीवरून आला. गावातले सगळे पाण्याचे पंप, करवती, गवतकापणीची यंत्रं त्याच्याच हातची. अंगणात फतकल मारून बसला, जनरेटरच्या बाजूची छोटी वाटी फिरवून काढली आणि नाकाशी नेली. त्याचा चेहराच वाकडा झाला. बोटानं आतलं काढून त्यानं वर धरलं. तपकिरी, चिकट, मधासारखी तार.

"हे काय आहे? हे पेट्रोल आहे? हे वर्षापूर्वी मेलंय, याचं चाळिसावंही होऊन गेलं." त्यानं पिवळ्या गॅलनचं झाकण उघडून हुंगलं, उजेडात धरलं, तळाचं बघितलं. "पेट्रोल जायचं छिद्र गच्च बुजलंय. कुणी दिलं तुम्हाला हे?"

आत नळकांड्याची बारीक शीळ ऐकू येत होती. आदम माझ्या खांद्यावर जागा झाला होता आणि माझ्या केसांशी खेळत होता. मी तोंड उघडलं. खरंच उघडलं.

"कोण देणार?" उम्म नादिर म्हणाली. "आमचंच आहे. कोठडीत मागे पडलेलं. घाईत तेच ओतलं."

"तुम्ही? उम्म नादिर, तुम्ही?" उस्ता मान हलवून हसायला लागला. "अख्ख्या गावाला मूने शिकवता, आणि तुमच्याच कोठडीत असं? माझ्या बायकोला सांगतो, तिची छाती फुगेल. दहा वर्षं तुमची बोलणी खाल्लीत तिनं."

"सांग, सांग. म्हातारी झाले, म्हणावं."

ती माझ्याकडे बघत नव्हती. मुद्दाम. गॅलन पिवळा होता आणि तासाभरापूर्वी मी स्वतः तिच्या हातात दिला होता. अंजीर कोणत्या वर्षीचं ते वासावरून ओळखणारी बाई ती. तिला ओतताना कळलं नसेल का? की तेव्हाच कळलं होतं, आणि तरी तिनं ओतलं, कारण ते माझं शेवटचं होतं?

"बरं, मी हे धुतो," उस्ता म्हणाला. "सुईनं छिद्र उघडेल. टाकी उपसतो. पण ताजं पेट्रोल हवं, माझ्या दुचाकीत पेलाभर आहे फक्त. आसपास कुणाकडे आहे?"

खाला म्हणाली, "कुणाकडे असणार? पंप बंद."

ती मला वाट करून देत होती. मी तशीच उभी राहिले असते तर कुणाला काही कळलं नसतं. वीज लवकर आलीही असती. घरी जाऊन चादरीखालचे दोन गॅलन झाकून ठेवता आले असते, आणि उद्या कॉफीला ती आली असती तर मी तिच्या नवऱ्याची विचारपूस केली असती.

काटा लाल पट्टीला लागला होता.

मी आदमला नायाच्या शेजारी चटईवर ठेवलं. "याच्याकडे बघ," म्हटलं. घरी गेले, चादर ओढली, पांढरा गॅलन उचलला. दहा लिटर. तो भिंतीवरून देता आला असता, पण मी फाटकातून नेला, गल्लीतून, पायऱ्यांवर बसलेल्या दोन बायकांच्या समोरून. त्यांनी बघितलं. बघू दे, असं मला वाटलं नाही. मला वाटत होतं जमीन दुभंगावी. पण पाय चालत होते.

अंगणात मी तो उस्ताच्या पुढे ठेवला. पेट्रोल आत स्वच्छ, पाण्यासारखं हललं.

उस्तानं गॅलनकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्याला काही कळलं असावं. त्यानं पुन्हा मान खाली घालून सुई उचलली. उम्म नादिर मात्र त्या पांढऱ्या गॅलनकडे बघत राहिली. मग म्हणाली, "सावलीत ठेव गं. उन्हात नको." एवढंच.

साडेबाराला जनरेटर चालू झाला. यंत्राचा हिरवा दिवा लागला. तिनं अबू नादिरच्या नाकाखाली नळी परत लावली. त्यानं डोळे मिटूनच विचारलं, "हनादी गेली का? तिला अंजीर दे. झाडावर पिकून चाललेत."

रात्री गस्सानचा फोन आला. मुलांचं विचारून झालं, गरमीचं झालं. मग म्हणाला, "आणि पेट्रोल? जुनं आधी संपवलंस ना?"

"संपलं," मी म्हटलं.

"शाब्बास," तो म्हणाला.

तीन दिवस मी भिंतीकडे गेले नाही. कपडे मागच्या बाजूला वाळत घातले. चौथ्या दिवशी सकाळी फाटक वाजलं. उम्म नादिर खाला. ओढणी नीट, पायात स्वतःच्या चपला. एका हातात तो पिवळा गॅलन, साबणानं धुऊन उन्हात वाळवलेला, झाकण उघडं ठेवून. आणि दुसऱ्या हातात निळ्या काठाची मोठी ताटली, वर अंजिराची पानं झाकलेली.

"वास जात नव्हता," ती म्हणाली. "राख घालून दोनदा घासला. आता खायच्या तेलाला नको वापरूस, पण पुन्हा भरायला चालेल. तुझा पांढरा अजून आमच्याकडे आहे, अर्धा. वीज नियमित आली की आणून देते."

"ठेवा, खाला. तो तुमचाच. तो... आणखीही एक आहे माझ्याकडे. होता. तेव्हाही होता." शब्द एकमेकांवर पडत होते. "खाला, त्या दिवशी मी तुम्हाला म्हटलं ना, की एकच..."

आत आदम रडायला लागला.

"पोर रडतंय," ती म्हणाली. "जा, आधी घे त्याला."

मी गेले. आणि खरं सांगायचं तर, पाठ वळवताना मला सुटल्यासारखं वाटलं. आदमला घेऊन बाहेर आले तर ती फाटकापर्यंत पोहोचली होती. वळून म्हणाली, "अबू नादिर रोज विचारतात तुला. ये. भिंतीपलीकडे काय समुद्र नाही." आणि गेली.

पिवळा गॅलन उंबऱ्यावर उभा होता. रिकामा, हलका, ओरबाडलेल्या चिकटपट्टीचा चौकोन अजून त्याच्या पोटावर. ऊन जिन्याच्या भिंतीला लागलं होतं, पण आता आतून काही बोललं नाही.

नायानं पानं उचलली. जांभळे, तडकलेले, तोंडाशी मधाचा थेंब आलेले अंजीर होते. तिनं एक खाल्ला, दुसरा आदमच्या ओठांना लावला. मग एकेक करून ते आमच्या वाडग्यात काढले, ताटली माझ्या ओढणीच्या टोकानं पुसली आणि माझ्यापुढे धरली. भरून आलेलं भांडं रिकामं परत पाठवायचं नसतं, हे तिला मीच शिकवलंय. मला खालानं शिकवलं होतं.

"आई," ती म्हणाली, "आता यात आपण त्यांना काय घालून द्यायचं?"